चिलटाची अंडी आणि आईचे आयुष्य

वाचकहो, अतिपिकल्या केळ्यांभोवती किंवा पेरूच्या टोपलीवर घिरट्या घालणारी बारीक चिलटे आपण सर्वांनीच हाताने हाकलली आहेत. शास्त्रज्ञ त्यांना ड्रॉसोफिला अथवा फळमाशी म्हणतात. संततीचा जन्म आणि जन्मदात्रीचे आयुष्य यांचा संबंध काय, या प्रश्नाचा बराचसा इतिहास या क्षुद्र जिवावर लिहिला गेला आहे. तो आपल्या घरातील आयाबहिणींपर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून येथे थोडक्यात सांगावासा वाटतो.

1910 साली अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन यांना नेहमीच्या लाल डोळ्यांऐवजी पांढऱ्या डोळ्यांची फळमाशी आढळली आणि आनुवंशशास्त्रात या माशीचे स्थान पक्के झाले. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण माशी होण्यास सुमारे दहा दिवस पुरतात आणि तिचे आयुष्य साधारण दोन महिन्यांचे. त्यामुळे माणसाच्या शंभर वर्षांत न दिसणारे फरक तिच्यात थोड्या काळात पाहता येतात.

1958 मध्ये इंग्लंडमधील जॉन मेनार्ड स्मिथ यांनी फळमाशीच्या एका जातीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांचे गुरू हाल्डेन आदल्याच वर्षी कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले होते. पुढे ते भारताचे नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. मेनार्ड स्मिथ यांना असे दिसले की, ज्या माद्यांना जन्मतः अंडाशयच नव्हते त्या अंडी घालणाऱ्या माद्यांपेक्षा अधिक काळ जगल्या. अंडी घालण्याची किंमत मादी आपल्या आयुष्यातून मोजते, असा त्याचा अर्थ.

1984 मध्ये मायकेल रोझ यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केवळ वय झालेल्या माद्यांची अंडी पुढील वाढीसाठी निवडली. परिणामी अधिक काळ जगणाऱ्या माश्यांचा वंश तयार झाला. मात्र या माद्या तरुणपणी पूर्वीपेक्षा कमी अंडी घालत. तारुण्यात खर्च कमी, म्हणून म्हातारपणासाठी शिल्लक अधिक, असा हा हिशोब होता.

येथेच थांबलो तर गोष्ट अर्धी राहील. माशीचे खाणे कमी केले की ती अधिक जगते, परंतु अंडी कमी घालते, हे माहीत होते. 2009 साली लंडनच्या संशोधकांनी अशा अल्पाहारी माश्यांच्या अन्नात मेथिओनिन हा प्रथिनांचा एकच घटक वाढविला. अंडी पुन्हा वाढली, आणि आयुष्य मात्र घटले नाही! म्हणजे जन्म देण्याची किंमत अटळच असते असे नाही. योग्य पोषण मिळाले तर हिशोब बदलतो.

आता कोणी विचारील, माशीचा न्याय माणसाला कसा लावता? प्रश्न रास्त आहे. चिलट अंडी टाकून उडून जाते. आपली आई नऊ महिने पोटात आणि पुढे अंगावर पाजून बाळ वाढविते. अपत्य नसलेली स्त्री अधिक जगते, असा निष्कर्षही यातून काढू नये. घ्यायचे ते इतकेच की, जन्म देणाऱ्या शरीराला अन्न, विसावा आणि योग्य वय लागते. याचा दाखला शोधण्यास दूर जावे लागत नाही. तो आपल्याच जिल्ह्यात आहे.

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य दुष्काळी जामखेडला आले. त्या सुमारास तेथील खेड्यांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी 176 पहिल्या वाढदिवसापूर्वीच दगावत. आरोळ्यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर, स्त्रियांना शिकवून आरोग्य-कार्यकर्त्या बनविले. गरोदर बाईने काय खावे, बाळाचे वजन कसे पाहावे, दोन मुलांत अंतर का ठेवावे, हे त्या घरोघरी सांगू लागल्या. दोन दशकांत बालमृत्यूचे ते प्रमाण विशीच्या आसपास उतरले. झालेली मुले जगतात, हा भरवसा येताच अधिक मुलांची निकडही ओसरली आणि जन्मप्रमाण सुमारे निम्म्यावर आले. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पालकहो, कुरआन शरीफच्या सूरह बकरामध्ये मातेने बाळाला पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे. आजचे वैद्यकशास्त्रही एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्यापूर्वी निदान दोन वर्षांचे अंतर असावे असे सांगते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचे स्वतःचे अंगच अजून भरायचे असते. त्यात बाळंतपण आले तर एकाच ताटात दोघांना जेवावे लागते, आणि उपाशी राहते ती आईच.

म्हणून लेकीची दहावी झाली की स्थळे पाहण्याची घाई करू नका; तिला अकरावीत बसवा. घरात सून असेल तर सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेले तिच्या वाट्याला येते काय, हे आज रात्रीच पाहा. आणि विद्यार्थिनींनो, उद्या केळ्यावर चिलट दिसले तर हाकलण्यापूर्वी क्षणभर निरखून पाहा. पुष्कळ विद्वानांनी त्याच्याकडून इल्म मिळविला आहे.