हनुक्काचं तेल कुठून आलं?

हनुक्का या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाची कथा ज्यू घरांतल्या मुलांना तोंडपाठ असते. जेरुसलेमच्या मंदिरात शुद्ध तेलाची एकच कुपी सापडली. तेल एका दिवसापुरतं होतं, पण दिवा आठ दिवस जळला. या घटनेचा सर्वांत जुना वृत्तान्त, म्हणजे मक्काबींचा पहिला ग्रंथ, मात्र वाचला, तर त्यात ही कुपी कुठेच नाही.

इ.स.पू. १६७ च्या सुमारास सेल्युकिड राजा चौथा अँटिओकस याने शब्बाथ (शनिवारची विश्रांती) आणि सुंता यांवर बंदी घातली आणि मंदिरात झ्यूसची पूजा सुरू केली. मोदिइन गावचा पुरोहित मत्तथिया याने राजाच्या अधिकाऱ्याला ठार केलं. त्याआधी त्याने राजाच्या हुकमावरून वेदीवर बळी द्यायला पुढे झालेल्या एका ज्यूलाही कापून काढलं. म्हणजे हे बंड घरच्यांविरुद्धही होतं, आणि ही बाजू सणाच्या गोडव्यात झाकली जाते. मत्तथियाचा मुलगा यहूदा मक्काबी याने इ.स.पू. १६४ मध्ये मंदिर परत मिळवलं. बाटलेल्या वेदीचं काय करायचं, हे कुणाला ठरवता येईना. म्हणून तिचे दगड उतरवून, कुणी संदेष्टा येऊन सांगेपर्यंत जपून ठेवले गेले. आठ दिवस उत्सव झाला. डोंगरात लपल्यामुळे राहून गेलेला सुक्कोथचा सण त्या निमित्ताने साजरा झाला, असं मक्काबींचा दुसरा ग्रंथ सुचवतो.

तेलाची गोष्ट येते ती कित्येक शतकांनंतर, बॅबिलोनी तालमूदमध्ये. मधल्या काळात मक्काबींच्या वंशजांचं राज्य भाऊबंदकीत पोखरलं गेलं, इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे जेरुसलेममध्ये शिरला, इ.स. ७० मध्ये मंदिर जळालं आणि १३२ ते १३५ चं ज्यूंचं रोमविरुद्धचं बंडही चिरडलं गेलं. इतका रक्तपात पाहिलेल्या धर्मगुरूंनी यहूदा या सेनापतीऐवजी दिवा पुढे केला, असं मला वाटतं, आणि त्यांचं ते शहाणपण मला मोठं वाटतं. मक्काबींचे ग्रंथ हिब्रू बायबलमध्ये आले नाहीत. ते टिकले ख्रिस्ती परंपरेतल्या ग्रीक प्रतींमुळे. सेनापती परतला तो विसाव्या शतकात, मक्काबी क्रीडामंडळं आणि १९३२ च्या तेल अवीवमधल्या मक्काबिया स्पर्धांच्या रूपाने.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंकडे मात्र पूर्वी हनुक्काच नव्हता. परंपरेनुसार नवगावजवळ गलबत फुटून आलेले, घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनवार तेली! हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये हनुक्का नसण्यावरून तर्क केला, की त्यांचे पूर्वज मक्काबींच्या बंडाआधीच निघाले असावेत. न पाळलेल्या सणावर एवढा भार टाकणं धाडसाचं आहे. सण विसरलाही जातो. तरी नवगावच्या किनाऱ्यावर ते कधी आले, हा प्रश्न त्या दिव्यांशी जोडणारे केहिमकरच पहिले वाचावेत.