लाल कातड्याखालची वेल

इसवी सन ७०० नुकतंच उलटलंय. तुम्ही इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, वेअरमथ-जॅरोच्या मठात आहात. पुढ्यात योहानच्या शुभवर्तमानाचे सुटे जुज, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, पडलेत, कातड्याची ९४ पानं. लिहिणाऱ्याचं काम संपलं, आता बांधणाऱ्याचं.

मठवासी दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवतो. कण्यावर आधाराला पट्टी नाही की दोरी नाही. एका जुजातून निघालेला टाका आधीच्या टाक्यात अडकतो आणि साखळी वाढत जाते. ही रीत इजिप्तच्या कॉप्ट ख्रिस्ती लोकांची. मठाचा संस्थापक बेनेडिक्ट बिस्कप रोमच्या वाऱ्या करून पुस्तकं आणायचा. बहुधा अशाच पुस्तकांच्या कण्यांतून ती रीत या गार किनाऱ्याला लागली.

दोन्ही बाजूंना भूर्जाच्या पातळ फळ्या बसतात. आता जवळ सरका. कातडं चढण्याआधीच नक्षी घडते आहे. फळीवर मातीसारख्या लगद्याची वेल आकार घेते: मधल्या पात्रातून निघालेली, दोन्हीकडे वळणं घेत गेलेली, फळांनी लगडलेली. भोवतीच्या चौकटीसाठी दोऱ्या चिकटवल्या जातात. मग बकऱ्याचं लाल रंगवलेलं कातडं वरून ताणायचं, दाबत जायचं, की वेल आतून वर येते. बोट फिरवून बघा. पुढे इंग्लंडात सोन्याच्या वर्खाच्या झगमगीत बांधण्या झाल्या, पण कातड्याच्या पोटातून उगवलेली ही वेल मला त्या सगळ्यांहून जिवंत वाटते. वेलीच्या वर-खाली टोकदार हत्याराने गुंफण कोरली जाते आणि रेघांत पिवळा, निळसर करडा रंग भरला जातो.

उंची जेमतेम १३.८ सेंटिमीटर. इतकं देखणं पुस्तक लिंडिसफार्न बेटावर संत कथबर्टच्या शवपेटीत जाणार आहे. ८७५ साली व्हायकिंगांच्या धास्तीने तिथले मठवासी ती पेटी उचलून बेट सोडतील.

आता ११०४ साली डरहॅमला या. तीच पेटी आता इथे आहे, ती उघडली आहे आणि बिशप रॅनल्फ फ्लॅम्बर्ड प्रवचनात हेच पुस्तक गर्दीला दाखवतो आहे.

२०१२ साली ब्रिटिश लायब्ररी त्यासाठी ९० लाख पौंड मोजते. मूळ बांधणीसह शाबूत राहिलेलं युरोपातलं याहून जुनं पुस्तक ठाऊक नाही. अभ्यासक त्याचा सीटी स्कॅन काढतात, तेव्हा वेलीखालचा लगदा त्यांना पहिल्यांदा दिसतो. तुम्ही तो ओला असताना पाहिलाय.