पेत्राचे पहिले पत्र : छळ नेमका कोणता?

नव्या करारातल्या या पत्राचे नाव निघाले की नीरो, आखाडा आणि सिंह आठवतात. पाच अध्याय आणि १०५ वचनांच्या मजकुरात मात्र नीरो आणि आखाडा सापडत नाहीत, आणि सिंह येतो तो केवळ सैतानाची उपमा म्हणून. वाचकांपैकी कोणाला अटक झाली, कोणाला देहदंड झाला, असा उल्लेख नाही. उलट दुसऱ्या अध्यायात सम्राटाचा मान राखा, सुभेदार दुष्टांना शासन करण्यासाठी नेमलेले असतात, असे बजावले आहे. प्रकटीकरणाच्या पुस्तकात रोमची सत्ता श्वापदाच्या रूपात येते. इथला सूर अगदी वेगळा आहे. तेव्हा आधी दुखण्याचे निदान करू, मग औषध तपासू.

पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया आणि बिथुनिया इथल्या मंडळ्यांना लिहिले आहे. हा सारा मुलूख आजच्या तुर्कस्तानात येतो. पंत आणि बिथुनिया हा रोमन कारभारात एकच प्रांत होता, तरी यादीत एक आरंभी आणि दुसरा शेवटी आहे. पत्र घेऊन जाणारा फिरून त्याच प्रांतात परतणार असावा, हा हॉर्ट या अभ्यासकाचा तर्क मला पटतो.

दुखण्याचे मूळ चौथ्या अध्यायात सापडते. हे लोक पूर्वी शेजाऱ्यांबरोबर मद्यपानाच्या बैठकांना आणि मूर्तिपूजेला जात. आता जात नाहीत, म्हणून शेजारी आधी चकित होतात आणि मग निंदा करतात. त्या नगरांत देवाचा उत्सव, धंदेवाल्यांच्या संघाचे जेवण आणि घरचे कुलाचार यांत भिंत नव्हती. पंगतीतून उठला तो व्यवहारातूनही उठला. मराठीत याला वाळीत पडणे म्हणतात. पत्रातला छळ मुख्यतः हाच आहे : कुजबूज, शिव्या, खोटे आळ आणि गुलामाच्या पाठीवर मालकाचा मार.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. खुनी किंवा चोर म्हणून नव्हे, तर ‘ख्रिस्ती’ म्हणून सोसावे लागले तर लाजू नका, असे पत्र सांगते. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनिया-पंतचा सुभेदार प्लिनी सम्राट त्रायानाला जवळपास हाच प्रश्न विचारतो : शिक्षा नुसत्या नावाला द्यायची की गुन्ह्याला? म्हणून काहींनी पत्रच त्या काळात ओढले. पण प्लिनीचा मजकूर नीट पाहावा. त्याच्याकडे निनावी यादी आली होती, म्हणजे चहाडी गावातूनच होत होती. निनावी तक्रारी घेऊ नका आणि या लोकांना शोधत फिरू नका, असे त्रायानाचे उत्तर आले. सरकारी खटल्याच्या मागेही शेजारीच उभा होता.

लेखक कोण, हा वाद मिटलेला नाही. गालीलच्या कोळ्याला इतकी सफाईदार ग्रीक कशी साधली? शेवटी रोमला ‘बाबेल’ म्हटले आहे, आणि ही सांकेतिक रीत यहुदी लेखनात इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडल्यानंतर रूढ झालेली दिसते. पत्र पेत्राचेच मानणारी दुसरी बाजू पत्रातच लेखनाचा हस्तक म्हणून नाव असलेल्या सिल्वानाकडे बोट दाखवते : सफाईदार ग्रीक त्याची असावी. मला पहिली बाजू जड वाटते. पण निकाल कसाही लागला तरी वरचे निदान बदलत नाही.

आता औषध. चांगले वागून टीकाकारांचे तोंड बंद करा, हा सल्ला वरवर भित्रा वाटतो. पण ख्रिस्ती झालेल्या पत्नीची गोष्ट घ्या. बायकोने नवऱ्याचेच देव पुजावेत, असे ग्रीक लेखक प्लुटार्कने त्याच सुमारास लिहिले. पत्र तिला नवऱ्याच्या अधीन राहायला सांगते, पण विश्वास सोडायला सांगत नाही. प्लुटार्कच्या लेखी हे बंडच. एका घरात दोन धर्म आले की काय ओढाताण होते, हे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. तिथे १८९५ मध्ये नवऱ्याने आधी बाप्तिस्मा घेतला, इथे बायकोने.

गुलामांबाबत मात्र औषध अपुरे आहे. पत्र थेट त्यांच्याशी बोलते, आणि निरपराध मार खाणाऱ्याला यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातल्या दुःखी सेवकाची, म्हणजे ख्रिस्ताची, जागा देते. हा मान फार मोठा. तरी मालकांना उद्देशून एक शब्द नाही. इफिस आणि कलस्सै इथल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत निदान तेवढा तरी आहे. पुढे अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या समर्थकांनी हीच वचने वापरली, आणि त्यांना ती वापरता आली याचा काही दोष मजकुराकडेही जातो.

नव्याने वाचणाऱ्याने पत्र पहिल्या अध्यायापासून घेऊ नये. चौथ्यातली तिसरी-चौथी वचने आधी वाचावीत, मग दुसरा अध्याय, आणि वारसा-आशेचा पहिला अध्याय सर्वांत शेवटी.