बुद्धीचे मोजमाप : एका पद्धतीचा इतिहास

मनुष्याच्या मनाचा अभ्यास कोणत्या पद्धतीने करावा, हा प्रश्न फार जुना आहे. बसरा येथे जन्मलेले थोर विद्वान इब्न अल्-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या आरंभी 'किताब अल्-मनाझिर' हा ग्रंथ लिहिला. पाहणे हे केवळ डोळ्याचे काम नसून त्यात तुलना व अनुमान यांचाही वाटा असतो, असे त्यांनी त्यात मांडले. पूर्वाचार्यांचे मतसुद्धा प्रयोगाने पारखून घ्यावे, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीत लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली आणि मानसशास्त्राला स्वतंत्र शास्त्राचे स्थान मिळाले. तथापि या शास्त्रातील प्रत्येक पद्धतीला सामर्थ्याबरोबर मर्यादाही आहेत. शाळेशी ज्या पद्धतीचा निकटचा संबंध आला, त्या बुद्धिमापन चाचणीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी डोक्याच्या मापांवरून बुद्धीचा अंदाज घेता येतो काय, हे पाहिले होते. हाती आलेले फरक अत्यल्प होते. शिवाय मोजणाऱ्याची अपेक्षा नकळत मापात उतरते, हे त्यांना स्वतःच्याच मापनात आढळले. तो मार्ग त्यांनी सोडून दिला. दुसरीकडे, आपल्या दोन मुलींची विचार करण्याची रीत त्यांनी बारकाईने न्याहाळली व तो अभ्यास १९०३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. अशा निरीक्षणात खोली असते. परंतु दोन मुलींवरून पॅरिसच्या हजारो मुलांविषयी विधान करता येत नाही, ही त्याची मर्यादा होय.

१९०४ मध्ये फ्रेंच सरकारने अभ्यासात फार मागे पडणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. त्या निमित्ताने बिने यांनी थिओडोर सायमन यांच्यासह १९०५ मध्ये ३० प्रश्नांची चाचणी तयार केली आणि १९०८ मध्ये ती वयोमानानुसार रचली. सर्वांना तेच प्रश्न, त्याच सूचना, गुण देण्याची तीच रीत, हे तिचे बळ होते. शिक्षकाची मर्जी किंवा मुलाच्या घराण्याची प्रतिष्ठा यांना त्यात फारसा वाव उरत नव्हता. चाचणीतून मिळणारा आकडा म्हणजे मुलाच्या बुद्धीची कायमची सीमा नव्हे, कोणाला अधिक साहाय्य हवे ते ओळखण्याचे ते साधन आहे, अशी बिने यांची भूमिका होती. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले.

ही चाचणी अमेरिकेत गेली तेव्हा तिचा हेतू पालटला. १९१२ मध्ये जर्मनीतील विल्यम स्टर्न यांनी बुद्धिगुणांकाची कल्पना मांडली होती. १९१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी ती आपल्या सुधारित चाचणीत रूढ केली. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरल्यावर सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची सामुदायिक चाचणी घेण्यात आली. निरक्षरांसाठी आणि इंग्रजी न येणाऱ्यांसाठी चित्रांची वेगळी चाचणी होती. पण त्या चित्रांत काय उणे आहे ते ओळखावयाचे, तर कर्णा नसलेला ग्रामोफोन आणि जाळे नसलेले टेनिसचे मैदान! ज्याने टेनिसचे मैदान कधी पाहिलेच नाही, त्याची येथे बुद्धी मोजली गेली की परिस्थिती?

याच आकड्यांच्या आधारे कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले लोक बुद्धीने कमी आहेत, असा निष्कर्ष काढला. वस्तुतः अमेरिकेत अधिक वर्षे राहिलेल्यांना अधिक गुण मिळाले होते. भाषेचा व सहवासाचा हा परिणाम असू शकतो, हा सरळ अर्थ बाजूला सारून, पूर्वी आलेले लोकच मुळात श्रेष्ठ होते, असे त्यांनी प्रतिपादन केले. मात्र १९३० मध्ये त्याच ब्रिगहॅम यांनी आपला निष्कर्ष निराधार असल्याचे जाहीरपणे मान्य केले. स्वतःची चूक दुरुस्त करण्याची वाट शास्त्रात खुली असते, हे त्यावरून दिसते. पण दरम्यानच्या सात वर्षांत त्या मताचा व्हावयाचा तो प्रसार झालाच होता.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे कन्नड व मराठी भाषांत रूपांतर केले आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नुसते भाषांतर पुरत नाही, प्रश्न येथील मुलांवर नव्याने पारखून घ्यावे लागतात, ही दृष्टी त्यामागे होती.

आपल्या समाजातील शिक्षकांनी व पालकांनी या इतिहासापासून बोध घ्यावयास हवा. घरी उर्दू किंवा दखनी बोलणारे, शाळेत मराठी वाचणारे आणि घराण्यात प्रथमच पाटी हाती धरणारे मूल एखाद्या चाचणीत मागे पडले, तर तो आकडा जरूर पाहावा. पण त्याच्याबरोबर वर्गातील निरीक्षण, मुलाशी व पालकांशी संभाषण, वर्षभराची प्रगती आणि मुलाच्या भाषेत घेतलेली फेरचाचणी यांचीही जोड द्यावी. एका पद्धतीची उणीव दुसरी पद्धत काही अंशी भरून काढते. एवढे कष्ट घेण्यापूर्वी कोणत्याही मुलाला 'मंद' ठरविण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.