उलट्या गाडीचे स्टेशन

कासारवाडीच्या फलाटावर लोणावळा लोकलची वाट पाहत उभे राहणाऱ्यास याच लोहमार्गावरचे एक मोडीत निघालेले स्टेशन ठाऊक असण्याचे कारण नाही. आम्हांलाही ते उशिराच कळले. शाळा आमची सातवीपर्यंतची; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले.

ते स्टेशन बोरघाटात, खंडाळ्याच्या खालच्या अंगास. नाव रिव्हर्सिंग स्टेशन. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, ती आपल्याच दारावरून जाई. घाट मात्र उतारूंनी पालखीतून नाही तर तट्टावरून ओलांडायचा. १८६३ साली घाटातही रूळ आले. पण एका कड्यापाशी वळणाला जागाच नव्हती. मग गाडी तिथवर न्यायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकास जोडायचे आणि शेपटाचे तोंड करून पुढे निघायचे. १९२९ साली नवे बोगदे पाडून सरळ मार्ग काढला, आणि स्टेशनचे काम सरले.

एवढे कोणीही सांगेल. आम्हांला ओढ आहे ती घाट फोडणाऱ्यांची. १८६१ साली तिथे बेचाळीस हजारांपर्यंत माणसे राबत होती. पटकीने हजारो गेली. पहिला ठेकेदार फॅव्हिएल. त्याच्याखाली पोटठेकेदार, त्यांच्याखाली मुकादम. मजुरी वरून निघे, खाली पोचेपर्यंत झिजे, कधी पोचतच नसे. जानेवारी १८५९ मध्ये मजूर खवळले. दंग्यात एक युरोपियन मारला गेला. दोनच महिन्यांत फॅव्हिएलने ठेका सोडला. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आला, तोही त्याच वर्षी वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने काम तडीस नेले. बाई खरीच धीराची!

मस्टरवर अंगठा एका आकड्यापुढे आणि हातात पडते दुसरेच, हे आम्ही चाकणकडे कंत्राटी पोरांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून त्या दंग्याचा मजकूर वाचताना तो शंभरावर वर्षांपूर्वीचा वाटेना.

दंग्याची चौकशी झाली, आणि १८६० साली मालक-मजूर तंट्यांचा कायदा आला. थकलेल्या मजुरीचा निवाडा मॅजिस्ट्रेटने झटपट करावा, ही त्यातली एक बाजू. दुसरी अशी, की करार मोडून काम टाकून जाणाऱ्या मजुरास त्याच मॅजिस्ट्रेटने तुरुंगात धाडावे. पगार बुडवणाऱ्या मालकाला मात्र तुरुंग नव्हता.