‘डर्टी काऊ’ : क्षणभराची फट

* रेस कंडिशन : दोन थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) एकाच सामायिक माहितीला हात घालतात आणि आधी कोण पोचतो यावर निकाल ठरतो, तेव्हा होणारा घोटाळा.

लिनक्सच्या कर्नेलमधला, म्हणजे गाभ्यातला, ‘डर्टी काऊ’ (काऊ म्हणजे ‘कॉपी-ऑन-राइट’, लिहिताना प्रत काढणे) हा दोष त्याचा ठळक नमुना. फक्त वाचण्याची परवानगी असलेली फाइल स्मृतीत घेऊन तिच्यावर लिहू पाहिले, की कर्नेल स्मृतीतल्या त्या पानाची खासगी प्रत काढून देतो. प्रत काढणे आणि लिहिणे यांमधल्या नेमक्या फटीत दुसऱ्या थ्रेडने ती प्रत टाकून द्यायला लावली, तर लेखन मूळ फाइलवरच उतरे. साध्या वापरकर्त्याच्या हाती रूटचे, म्हणजे सर्वोच्च प्रशासकाचे, अधिकार येत, हे फार गंभीर होते.

लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्येच या दोषाची दुरुस्ती करून पाहिली होती. आयबीएमच्या एस३९० मेनफ्रेम यंत्रांवरील अडचणींमुळे ती मागे घेतली गेली. पक्की दुरुस्ती ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली.