गिनीपिग : पालन व निगा

कॅव्हिडी कुलातील, घरी पाळला जाणारा शेपूटहीन, शाकाहारी कृंतक प्राणी (→ कृंतक गण). शास्त्रीय नाव कॅव्हिया पोर्सेलस. मूलस्थान दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेश. तेथे तो मांसासाठी माणसाळवला गेला. सोळाव्या शतकात यूरोपात पोहोचला.

वजन सु. ७०० ते १,२०० ग्रॅ.; आयुर्मान ५ ते ८ वर्षे. २० दात आयुष्यभर वाढतात. ते झिजण्यासाठी वाळलेले गवत सतत लागते. शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नसल्याने सिमला मिरची, कोथिंबीर रोज देतात. अभावी स्कर्व्ही होतो (→ जीवनसत्त्व क). प्राणी कळपप्रिय असल्याने किमान दोन एकत्र ठेवतात. जोडीस सु. ०.७ चौ. मी. सपाट तळाचा पिंजरा, लपण्यासाठी खोके व कोरडे अंथरूण लागते; जाळीच्या तळाने पायांना जखमा होतात. ओले अंथरूण रोज बदलतात.

१८° ते २४° से. तापमान मानवते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५° से.पर्यंत चढत असल्याने उष्माघाताचा धोका मोठा (→ उष्माघात). पिंजरा घरातील थंड खोलीत, कूलरच्या थेट झोतापासून दूर ठेवतात. पावसाळ्यात दमटपणामुळे बुरशीजन्य त्वचारोग संभवतात. पेनिसिलीन गटातील प्रतिजैविके घातक असल्याने पशुवैद्याचा सल्ला आवश्यक असतो.

प्रयोगशाळांतील संशोधनातही या प्राण्याला महत्त्व आहे (→ प्रायोगिक प्राणी).